पाजल्यासारखं

“टाकीवाले! अहो टाकीवाले, खाली या! तुमचे बंधू बोलायला उभे राहिलेत!”

छावणीचा पहारेकरी मोबाइल उंच धरून शिडीच्या पायथ्याशी उभा होता. दादा टाकीच्या माथ्यावर गुडघे टेकून बसले होते. नाकाला फडकं, कोपरापर्यंत रबरी मोजे, पुढ्यात बादली. बादलीत पांढरी पावडर कालवायची, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरची निवळी टाकीत सोडायची, हे काम ते सत्तावीस वर्षं करत आले होते. पण आजच्यासारख्या मायेने कधी केलं नव्हतं. पाण्यातले जंतू मारणारी ही पावडर बावीस दिवस वाट पाहायला लावून आज पहाटे आली होती. आठ पोती. पहिल्या पोत्याला हात लावताना दादांचे डोळे भरून आले, तेव्हा टेम्पोवाल्याला वाटलं पावडर डोळ्यांत गेली. त्याने बिचाऱ्याने पाण्याची बाटली पुढे केली.

“आलोच. आवाज मोठा कर,” म्हणत दादा भराभर उतरले.

धाकटा त्यांच्याहून तेरा वर्षांनी लहान. वडील अकाली गेले तेव्हा तो पाळण्यात होता आणि दादा शाळेत. दादांनी शाळा सोडली, पाणीपुरवठा खात्यात मजूर म्हणून लागले आणि त्याला शिकवलं. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेआधी ते त्याला धुण्यासाठी रिकामी केलेल्या टाकीत उतरवायचे. आत आवाज असा घुमायचा की पोरगं स्वतःच दचकायचं. दादा वर झाकणाशी कान लावून बसायचे. “छान! पण शेवटचे शब्द खातोस. खाऊ नको,” असं ओरडून सांगायचे. आता धाकटा सभागृहात विरोधी बाकांवर बसत होता आणि सबंध देश त्याला ऐकत होता.

मोबाइलच्या इवल्याशा पडद्यावर तो उभा होता. पांढरा सदरा, वर उचललेलं बोट.

“माझ्याकडे आतल्या माणसाची माहिती आहे, अध्यक्ष महाराज! मालधक्क्यावरच्या छावणीत, डोंगरातली लढाई चुकवून आलेल्या अकरा हजार जिवांना हे सरकार काय पाजतंय? पाणी नाही, विष! जाणूनबुजून कालवलेलं विष! नऊ लेकरं गेली. हा निष्काळजीपणा नाही, ही ठरवून केलेली हत्या आहे. त्या टाकीत आज, या क्षणी, विष आहे!”

बाकं वाजली, आरडाओरड झाली. पहारेकऱ्याने आधी मोबाइलकडे पाहिलं, मग दादांच्या मोज्यांवरच्या पांढऱ्या पावडरीकडे. दादांकडे मात्र त्याने पाहिलं नाही.

“हे… हे औषध आहे,” दादा म्हणाले.

“हो हो, असेल ना,” पहारेकरी म्हणाला आणि दोन पावलं मागे सरकला.

दादा शिडीच्या खालच्या पायरीवर बसले. दोन दिवसांपूर्वी रविवारी धाकटा जेवायला आला होता. वहिनींनी, म्हणजे दादांच्या बायकोने, त्याच्या आवडीचं केलं होतं. दादांनी मात्र ताट बाजूला सारलं होतं. ते म्हणाले होते, “वीस दिवस झाले रे, साहेबाला तीन पत्रं लिहिली. पावडर नाही म्हणजे नाही. नदीचं पाणी तसंच सोडतोय. नऊ पोरं गेली हगवणीने. नळाची चावी फिरवतो तो मीच. रोज विष पाजल्यासारखं वाटतं.”

पाजल्यासारखं. धाकट्याने तो शेवट खाल्ला होता.

तेही एक वेळ दादांनी गिळलं असतं. पण आज पहाटे साडेसहाला, टेम्पो वळून जायच्या आत, त्यांनी पहिला फोन धाकट्यालाच केला होता. “आली रे पावडर! आठ पोती! दुपारपर्यंत पाणी शुद्ध होईल. तुला बोलायचंच असेल तर बावीस दिवस कुठे झोपला होतात ते खडसावून विचार. पण पाणी वाईट आहे असं आता म्हणू नकोस. लोक बिथरले तर दुसरीकडचं काहीबाही पितील.” आणि धाकटा म्हणाला होता, “सुटलो बाबा एकदाचे. ठेवतो दादा, गाडीत बसतोय.”

म्हणजे त्याला माहीत होतं.

*

दुपारी नळ सुटला आणि औषधाचा वास सुटला. पहिल्या दिवशी दुप्पट मात्रा द्यायची असा नियमच आहे, त्यामुळे वास चांगलाच उग्र होता. बावीस दिवस ज्या पाण्याला कसलाही वास नव्हता, लोक ते बिनघोर प्यायले होते. आज ते प्यायच्या लायकीचं झालं, तर नाकाला झोंबत होतं.

रांगेत सगळ्यात पुढे एक शिंपी होता. डोंगरातून उतरताना कात्री आणि सुयांचा डबा एवढंच घेऊन आलेला, वाळक्या अंगाचा माणूस. त्याने पाण्याने भरलेला डबा नाकाशी नेला.

“काय टाकलंय?”

“औषध. जंतू मरतात याने.”

“आणि माणसं?”

मागून कुणीतरी म्हणालं, “मोबाइलवर ऐकलंत ना? सभागृहात सांगितलं, मोठ्या माणसाने!”

दादांनी पेला भरला आणि सगळ्यांदेखत घटाघटा प्यायले. मग दुसरा. शिंपी शांतपणे म्हणाला, “तुम्ही काय, घरी जाऊन ओकून टाकाल.”

 दादांनी खिशातून तपासणीची बाटली काढली. पाण्यात या बाटलीतले दोन थेंब टाकले की पाणी पिवळं होतं; पिवळं झालं म्हणजे पावडर पुरेशी पडली. “हे बघा, माझ्यावर नका विश्वास ठेवू, डोळ्यांनी बघा,” असं म्हणत त्यांनी थेंब टाकले. पाणी पिवळंजर्द झालं.  तशी एका बाईने किंकाळी फोडली आणि रांग मोडली. डबे तिथेच उपडे करून लोक मालधक्क्यामागच्या कालव्याकडे निघाले. शहराची सगळी घाण पोटात घेऊन वाहणारा कालवा तो. दादा हात पसरून आडवे गेले, तर कुणीतरी त्यांना बाजूला ढकललं. मारलं वगैरे नाही. वाटेतली खुर्ची सरकवतात तसं सरकवलं.

त्या संध्याकाळपासून ते धाकट्याला फोन लावत राहिले. “साहेब बैठकीत आहेत,” त्याचा मदतनीस सांगायचा. तिसऱ्या दिवशी एकदाचा तो स्वतः बोलला.

“दादा, बघितलंस ना? दहा डॉक्टर रवाना झाले आज. परदेशातून पत्रकार आलेत.”

“बघितलं. चांगलं झालं. आता तू ये.”

“कुठे?”

“इथे. टाकीपाशी. सगळ्यांसमोर एक पेला पी. माझं ऐकत नाहीत रे, तुझं ऐकतील. लोक कालव्याचं पाणी पितायत.”

धाकट्याने आवाज खाली आणला.

“आत्ता मी पाणी प्यायलो, तर ते म्हणतील हा खोटं बोलला. केलेलं सगळं फुकट जाईल.”

“एक पेला, बाळा.”

‘बाळा’ ही हाक कितीतरी वर्षांत त्यांनी मारली नव्हती. धाकटा म्हणाला, “समजून घे जरा. आठवडाभर थांब. अधिवेशन संपू दे.”

आठवडा थांबायला कालवा तयार नव्हता. दवाखान्याच्या तंबूतली सिस्टर रोज संध्याकाळी टाकीपाशी यायची, दादांनी विचारायच्या आत मान हलवायची. डॉक्टरांनी पुष्कळ पोरं वाचवली. ते नसते तर किती गेली असती कोण जाणे. तरी चार गेली. चौथी त्या शिंप्याची मुलगी होती, सात वर्षांची. त्यानंतर लोक मुकाट्याने टाकीच्या नळावर परत आले. कुणी वासाचं नावही काढलं नाही.

*

सरकार पक्षाने तक्रार केली, आणि धाकट्याचं भाषण सभागृहाच्या शिस्तपालन समितीपुढे गेलं. सभासद सभागृहात बोलला ते जाणूनबुजून खोटं होतं का, एवढंच समितीने ठरवायचं होतं. ‘आतला माणूस’ कोण, हे शोधायला त्यांना फारसा वेळ लागला नाही. दादांना बोलावणं आलं.

साक्षीच्या आदल्या दिवशी सकाळी धाकटा घरी आला. एकटाच. चपला काढून नेहमीसारखा जमिनीवर मांडी घालून बसला, आणि दादांना वाटलं, आता हा रडेल. तसं झालं असतं तर दादांनी कदाचित सगळं पोटात घातलं असतं.

“दादा, पाजल्यासारखं की पाजतोय, यावर ते फार ताणणार नाहीत,” तो म्हणाला. “रागाच्या भरात बोललो म्हणेन. पण तो पहाटेचा फोन… तो फक्त तुला आणि मला माहीत आहे.”

“मलाही माहीत आहे,” वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या. “यांनी रात्री तांब्याभर पाणी पिऊन रडत सांगितलं मला.”

धाकट्याने तिकडे दुर्लक्ष केलं. “तुझ्या तीन पत्रांनी काय झालं, सांग. उत्तर तरी आलं? ‘पावडरीला उशीर झाला’ असं मी म्हणालो असतो, तर सभागृहात कुणी मान तरी वर केली असती का?”

“नसती केली,” दादा म्हणाले.

“मग? मी ओरडलो म्हणून डॉक्टर आले.”

“हो. तुझ्यामुळेच आले. तेही सांगेन मी तिथे.”

“आणि फोन?”

“फोनही सांगेन.”

धाकटा उठून उभा राहिला. “ज्यांनी तुला बावीस दिवस झुलवलं, त्यांच्या हातात तू मला देणार? सख्ख्या भावाला?”

दादांना म्हणायचं होतं, की अरे, मी तुला माझ्या मनातलं जेवणाच्या ताटावर बसून सांगितलं, ते तू कुणाच्या हातात दिलंस? पण त्यांना सरळ वाक्यं जुळवता येत नसत. ते काम घरात नेहमी धाकट्याचं होतं. ते एवढंच म्हणाले, “तू एक पेला पाणी प्यायला आला असतास, तर मी हा फोन विसरलो असतो. देवाशप्पथ विसरलो असतो.”

धाकटा चपला घालून निघून गेला. वहिनी बाहेर येऊन म्हणाल्या, “जेवून जा म्हणायचं राहिलं.” आणि मग पदर तोंडाला लावून त्याच रडल्या.

*

समितीची खोली गार होती. लांबलचक टेबल, टेबलावर हिरवं कापड, प्रत्येकासमोर बाटलीबंद पाणी. अध्यक्षबाई वयस्कर होत्या; आवाज शाळेतल्या बाईंसारखा, ऐकला की पाठ आपोआप ताठ व्हावी असा. धाकटा पलीकडच्या टोकाला बसला होता आणि कागदावर काहीतरी लिहीत होता.

“भाषणाच्या दिवशी सकाळी टाकीसाठी औषध पोचलं होतं, हे या सभासदांना ठाऊक होतं का?”

“हो. साडेसहाला मीच फोन करून सांगितलं.”

धाकट्याचं पेन थांबलं. त्याने वर पाहिलं नाही.

“टाकीत विष कालवलं जातंय, असं तुम्ही सभासदांना कधी सांगितलं होतं?”

“नाही, बाई. मी ‘विष पाजल्यासारखं वाटतं’ म्हणालो होतो. आतून तुटत होतं म्हणून म्हणालो.”

समितीतला एक सभासद हसला. “म्हणजे व्याकरणाचा प्रश्न आहे तर!” त्यावर दोघे-तिघे हसले.

“भाषणानंतर लोकांनी टाकीचं पाणी सोडलं?”

“सोडलं. कालव्याचं प्यायले. त्यात चार मुलं गेली.”

“म्हणजे या भाषणामुळे चार मुलं दगावली, असं तुमचं म्हणणं आहे.”

“हो. पण त्याच भाषणामुळे डॉक्टरही आले, तेही लिहा. आणि त्याआधी नऊ मुलं गेली होती. मी तीन पत्रं लिहिली, तारखा आहेत माझ्याकडे. बावीस दिवस पावडर आली नाही. ती कुणी अडवली, का अडवली, ते मला माहीत नाही. पण चार लिहिणार असाल तर नऊही लिहा. तो खोटं बोलला, पण लोक जिवानिशी गेले ते खोटं नव्हतं.”

दादा आयुष्यात एका दमात एवढं कधी बोलले नव्हते.  त्यांनी खिशातून कागद काढला. “नावं आहेत. सिस्टरने लिहून दिलीत. वाचू का?”

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. त्या वाईट नव्हत्या. त्यांनाही नातवंडं असतील. “तुमची भावना समजते. पण तो भाग या समितीच्या कक्षेत येत नाही. आपण भाषणापुरतं बोलतोय.”

“मुलं भाषणापुरतीच होती का, बाई?”

“हे नोंदीतून वगळा,” त्या लघुलेखकाला म्हणाल्या, हळूच.

कागद दादांच्या हातात तसाच राहिला. बाहेर पडताना धाकटा शेजारून गेला. त्याच्या सदऱ्याला वहिनींच्या घरच्या साबणाचा वास नव्हता, दुसराच कसलातरी होता. तो फक्त एवढंच म्हणाला, “झालं समाधान?”

दहा दिवसांनी निकाल लागला. धाकट्याला पुढच्या अधिवेशनभरासाठी निलंबित केलं. त्याच्या माणसांनी त्याला खांद्यावर घेऊन मिरवलं. सत्य बोलणाऱ्याचा गळा दाबला म्हणून घोषणा झाल्या. त्याच संध्याकाळी पाणीपुरवठा खात्याचे मंत्री टीव्हीवर आले. हसतमुख होते. म्हणाले, “छावणीचं पाणी शुद्ध होतं. आरोप करणाऱ्याच्या सख्ख्या भावानेच तशी साक्ष दिली आहे.”

दादा ताडकन उठून टीव्हीजवळ गेले. “कधी? असं कधी म्हणालो मी?” त्यांनी टीव्हीलाच विचारलं. “भाषणाच्या दिवशी शुद्ध होतं म्हणालो. त्याआधीचे बावीस दिवस कुठे गेले? ए, बावीस दिवस कुठे गेले?”

मंत्री निघून गेले होते. पडद्यावर साबणाची जाहिरात लागली होती. वहिनींनी उठून टीव्ही बंद केला आणि दादांना हाताला धरून खाली बसवलं. कामावर साहेबाने त्यांना मुद्दाम बोलावून पाठ थोपटली, तेव्हा तर त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. धाकट्याच्या माणसांनी शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं, इतकी ती पाठीवरची थाप जड होती. ती तीन पत्रं साहेबाच्या टेबलावरच्या गठ्ठ्यात खाली कुठेतरी अजून असतील, हे त्यांना उभ्या उभ्या दिसत होतं.

*

पुढच्या सुट्टीच्या दिवशी दादा छावणीत गेले. काम नव्हतं. नळांकडे न वळता ते गोदामांच्या मागच्या रांगेत शिरले आणि विचारत विचारत शिंप्याच्या खोपटापाशी पोचले. शिंपी दारात उजेडाला बसून एका मळक्या कोटाला बटणं लावत होता.

दादा उभेच राहिले. सबंध वाटभर त्यांनी मनाशी जुळवलेलं बोलणं आता आठवेना.

“सभागृहात बोलला तो माझा भाऊ,” ते म्हणाले. “पाण्याची बातमी त्याला दिली ती मी. पाणी चांगलं झालं तेही सांगितलं होतं. पण आधी बोललो तो मीच.”

शिंप्याने हातातलं बटण पक्कं केलं, दोरा दातांनी तोडला. वर न बघता म्हणाला, “माहीत आहे. सगळ्या छावणीला माहीत आहे.”

“मला…”

“तुम्ही माझ्यासमोर दोन पेले प्यायला होतात. मी काय म्हणालो ते आठवतं?”

“जाऊ द्या ते.”

“कसं जाऊ देणार?” शिंपी म्हणाला.  पलीकडच्या खोपटात कुणीतरी खोकत होतं, एक बाई दोरीवर चादर वाळत घालत होती. शिंप्याने पायाने एक खोकं पुढे सरकवलं. दादा त्यावर बसले.

थोड्या वेळाने त्याने कोट बाजूला ठेवला आणि सुयांचा डबा उघडून दादांसमोर धरला. आत कापडाची एक उशी होती आणि तिच्यात दहा-बारा सुया टोचलेल्या. सगळ्या रिकाम्या.

“चष्मा आहे ना तुमच्याकडे?”

“आहे.”

“मला जवळचं दिसत नाही. ती सकाळी उठल्या उठल्या सगळ्या सुया ओवून ठेवायची. दिवसभर पुरायच्या.” त्याने काळ्या दोऱ्याचं रीळ दादांच्या हातात दिलं. “दोरा लांब ठेवा.”

दादांनी चष्मा लावला. दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं केलं आणि पहिली सुई उजेडाकडे धरली. टाकीच्या चाव्या फिरवून राठ झालेली बोटं. दोनदा दोरा चुकला, तिसऱ्यांदा गेला. ती सुई त्यांनी जपून उशीत टोचली आणि दुसरी घेतली.